स्त्री, वय एकोणपन्नास, विवाहित

चोपन्नाव्या वर्षी माणसाने माऊथ ऑर्गन शिकू नये असा काही कायदा नाही. मी चौकशी केली आहे. तरीपण बायकोसमोर उभं राहून "मला माऊथ ऑर्गन घ्यायचाय, पैसे दे" असं म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही. आमच्याकडे पगार हिच्या हातात जातो आणि मला हातखर्चापुरते मिळतात. (ही पद्धत लग्नाच्या पहिल्या महिन्यात मीच सुचवली होती. त्या महिन्यात मी आणखीही बऱ्याच गोष्टी सुचवल्या होत्या. हिच्या लक्षात तेवढी एकच राहिली.)

माऊथ ऑर्गनचं खूळ डोक्यात शिरलं ते ऑफिसात. मी बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतो. लोक बसमध्ये जे जे विसरतात ते ते माझ्याकडे येतं. छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे. एकदा तर दातांची कवळी आली होती. (ती न्यायला आलेल्या गृहस्थांचं बोलणं मला अक्षरही कळलं नाही, पण वस्तू त्यांचीच आहे हे चटकन पटलं.) मुदतीत कोणी आलं नाही की वस्तूंचा लिलाव होतो. असाच एक माऊथ ऑर्गन आला, आणि मुदत संपेपर्यंत माझ्या खणात राहिला. जेवणाच्या सुट्टीत एकदा मी तो पुसून हळूच फुंकला. काय सांगू, असा काही सूर निघाला की खिडकीपलीकडे छत्री मागायला आलेली बाई छत्री विसरून माझ्याकडे बघत राहिली. नंतर ती म्हणाली, "काही दुखतंय का?" पण तो भाग वेगळा. लिलावात तो एका भंगारवाल्याने उचलला आणि मला उगाचच चुटपुट लागून राहिली.

आमच्या कॅशियरला सगळे चिल्लर म्हणतात. त्यालाही आता ते आपलं खरं नाव वाटतं. माझं तोंड बघून त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि तो म्हणाला, "मग सर्व्हे कर की. मी करतो. पेट्रोल त्यातूनच निघतं माझं."

"कसले सर्व्हे?"

"फोनवर बसल्या बसल्या मत द्यायचं. साबणावर, गादीवर, बिस्किटांवर. मताचे पॉइंट मिळतात, पॉइंटांवर वस्तू मिळते, नाहीतर पेट्रोलचं कूपन."

"माझं मत?" मी विचारलं. मला खरंच भरून आलं. घरात माझं मत शेवटचं कोणी विचारलं असेल ते डॉक्टरांनी, कुठे दुखतंय म्हणून, आणि तेव्हाही उत्तर हिने दिलं होतं.

मी त्याच दिवशी नाव नोंदवलं आणि संध्याकाळपर्यंत जमिनीवर आलो. पहिला सर्व्हे कपडे धुण्याच्या पावडरीचा. घरात पावडर कोण निवडतं? पत्नी. "क्षमस्व, आपण या सर्व्हेसाठी पात्र नाही." दुसरा गाडीचा. गाडी आहे का? नाही. क्षमस्व. तिसरा कुत्र्यामांजरांचा. क्षमस्व. चौथा शाम्पूचा होता, तो मी स्वतःच सोडून दिला. (माझ्या डोक्याचा फोटो मागितला असता तर?) पाचवा दाढीच्या ब्लेडचा आला तेव्हा म्हटलं, आता कुठे जाता. दाढी मी गेली अनेक वर्षं इमानेइतबारे करतो आहे. पण भलेमोठे प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी कळवलं की तुमच्या वयाच्या पुरुषांचा कोटा भरलेला आहे.

"तुझं मत कोणाला पाहिजे रे," चिल्लर म्हणाला. "बाजार चालतो बायकांच्या जिवावर. घर चालवणारी बाई, वय चाळीस ते पन्नास. तिच्या मतासाठी कंपन्या पायघड्या घालतात."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी दुसरं खातं उघडलं. स्त्री, वय एकोणपन्नास, विवाहित, घरून शिवणकाम, एक मुलगी, ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. एकेक अक्षर खरं. फक्त ते माझ्याबद्दल नव्हतं, हिच्याबद्दल होतं. म्हटलं, अठ्ठावीस वर्षं एका छताखाली काढली, हिच्या वतीने चार उत्तरं द्यायला काय जातंय?

आणि खरोखरच पायघड्या पडल्या. सर्व्हेंची नुसती रीघ लागली. गादीच्या सर्व्हेत त्यांनी विचारलं, आपण पलंग कोणासोबत वापरता, त्या व्यक्तीच्या झोपेच्या सवयींबद्दल आपल्या शब्दांत लिहा. आपल्या शब्दांत म्हटल्यावर मी थोडा वाहवत गेलो, हे कबूल करतो. लिहिलं की माझे पती घोरत नाहीत. मग वाटलं, एवढंच लिहिलं तर कोरडं वाटेल. म्हणून पुढे लिहिलं की ते घरकामात बरोबरीने मदत करतात, स्वभावाने अत्यंत समजूतदार आहेत आणि दिसायलाही बरे आहेत. शेवटी आठवण झाली म्हणून लिहिलं की गादी ठीक आहे.

पण पुढच्याच सर्व्हेला माशी शिंकली. पडद्यांचा होता तो. आवडता रंग कोणता? मी लिहिलं, निळा. चार पानं पुढे गेल्यावर त्या लबाडांनी तोच प्रश्न फिरवून विचारला, आणि मी लिहिलं हिरवा. लगेच लाल अक्षरांत सूचना आली: "आपल्या उत्तरांत विसंगती आढळली. आपण खरी व्यक्ती असल्याबद्दल आम्हाला शंका आहे. पुन्हा असे झाल्यास खाते बंद करून सर्व पॉइंट रद्द करण्यात येतील."

मी फोन उलटा ठेवला आणि विचार करत बसलो. हिला खरंच कोणता रंग आवडतो? मी हिला सगळ्या रंगांत बघितलं होतं. सगळ्यांतच बरी दिसते. पण आवडतो कोणता, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. (मी विचारलंही नव्हतं. पण कोणी सांगायलाही नको?) म्हणजे बायकोच्या विषयात मी नापास, आणि तेही घरच्या परीक्षेत.

तेव्हा सरळ हिलाच विचारायचं ठरवलं. संध्याकाळी ही मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. शिवणाचं काम ही घरूनच करते, पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन आणि उरलेल्या जागेत आम्ही, अशी व्यवस्था आहे. मुलगी गेल्यापासून आमची बोलणीही तेवढ्याच जागेत मावतील अशी झाली होती. गॅस बंद केला का, कडी लावली का, उद्या पाणी येणार का. झालं.

"तुला रंग कोणता आवडतो?" मी विचारलं.

हिने मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं. "कशाचा?"

"असाच. एकंदरीत."

"तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय? आवडता रंग विचारला."

हिने सुईत अडकलेला दोरा काढला. मग म्हणाली, "आधी निळा आवडायचा. आता राखाडी आवडायला लागलाय. त्याच्यावर दोऱ्याचे तुकडे दिसत नाहीत."

मी आत जाऊन पडद्यांच्या त्याच सर्व्हेत ते जसंच्या तसं लिहिलं. विसंगती नाही. पॉइंट जमा.

दुसऱ्या दिवशी विचारलं, सकाळी डोळे उघडल्यावर पहिला विचार कोणता येतो? तिसऱ्या दिवशी विचारलं, गेल्या आठवड्यात कोणत्या गोष्टीने समाधान वाटलं, एक ते पाचमध्ये किती? त्या रात्री मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात का? खरं सांगा. आई म्हणते, तुम्ही फार गोड वागताय. आम्हाला अंधारात ठेवू नका."

पण हळूहळू ही सरावली. नुसती सरावली नाही, वाट बघायला लागली. मी घरी आलो की मशीनचा वेग कमी व्हायचा. मी चपला काढून बसलो की ही म्हणायची, "हं, आज काय?" आणि मी जेवणाच्या सुट्टीत पाठ केलेला प्रश्न विचारायचो. ही उत्तर द्यायची, आणि उत्तर कुठल्या कुठे जायचं. साबणाचा वास विचारला तर हिच्या शाळेतल्या बाईंपर्यंत जायचं. पादत्राणं विचारली तर हिच्या वडिलांपर्यंत, त्यांनी एकदा हिला दोन्ही पायांसाठी एकाच पायाचे बूट आणले होते तिथपर्यंत. अठ्ठावीस वर्षांत हे बूट मला माहीत नव्हते. मी हसून हसून बेजार झालो आणि आत जाऊन लिहिलं: पादत्राणे निवडताना मापाला प्राधान्य देते.

मजेत चाललं होतं हो सगळं. मग एके दिवशी मी जिना चढून दाराशी आलो आणि आतून हिचा आवाज ऐकू आला. ही बहिणीशी फोनवर बोलत होती. हात कापडात असतात म्हणून ही नेहमी फोनचा स्पीकर लावून बोलते आणि दोन्हीकडचं सगळं जिन्यापर्यंत ऐकू येतं.

"तुझ्या नवऱ्याने काय आणलं म्हणालीस, बांगड्या?" ही म्हणत होती. "छान आहे. आमच्याकडे आणत बिणत काही नाहीत. पण हल्ली हे मला विचारतात."

"काय विचारतात?"

"काहीही. मला काय वाटतं ते. रोज विचारतात. आणि ऐकूनही घेतात गं. मध्ये बोलत नाहीत." मग म्हणाली, "मुलगी गेल्यावर वाटलं होतं, आता या घरात मला कोणी हाक मारेल ती फक्त टॉवेलसाठी."

मी दाराबाहेरच उभा राहिलो. जिन्यात वरच्या मजल्याचा प्लंबर पाइप घेऊन उतरत होता. तो म्हणाला, "किल्ली हरवली का, साहेब?" मी म्हटलं, "नाही, सापडली." आणि तरी आत गेलो नाही. मला स्वतःची लाज वाटली, सरळच सांगतो. ही ज्याला माया समजत होती त्याचे मला पॉइंट मिळत होते.

ठरवलं, खातं बंद. पॉइंट गेले खड्ड्यात, माऊथ ऑर्गनही गेला. पण प्रश्न चालू ठेवायचे, म्हणजे हिला कधी कळणारच नाही. त्या संध्याकाळी मी फोन न बघता हिच्यासमोर जाऊन बसलो.

"हं, आज काय?" ही म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. काय विचारतात माणसं एकमेकांना? मला एकही प्रश्न सुचेना. शेवटी म्हटलं, "तू... टूथपेस्ट ट्यूबच्या मधून दाबतेस की टोकाकडून?"

"टोकाकडून. तुम्ही मधून दाबता. आपलं भांडण झालंय त्यावरून, दोनदा," ही म्हणाली, आणि हिरमुसून मशीनकडे वळली. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप परत सर्व्हे उघडला. खातं बंद करायचं राहून गेलं ते गेलंच.

मधे ही बहिणीकडे राहायला गेली होती, तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. घरात मी एकटा, आणि सर्व्हे आला घर आणि विश्रांतीचा. प्रश्न होता: दिवसातला आपला सर्वांत सुखाचा वेळ कोणता? हिला फोन करून विचारावं तर स्पीकरवर बहीणही ऐकणार. म्हणून मीच लिहून टाकलं, मनाला येईल तसं, आणि नंतर विसरूनही गेलो.

आता त्या रविवारकडे येतो.

मी आंघोळीला गेलो होतो. फोन बाहेर मशीनवर, हिच्या शेजारी. डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून झाला आणि फोन वाजला. हिने उचलला. एका मुलीचा गोड आवाज साऱ्या घरात पसरला.

"नमस्कार मॅडम. आपण आमच्या सुवर्ण सदस्य आहात, म्हणून आपल्याशी थोडं बोलायचं होतं. वेळ आहे ना?"

"राँग नंबर," ही म्हणाली.

"नाही मॅडम. वय एकोणपन्नास, घरून शिवणकाम, मुलगी बाहेरगावी. आपणच ना?"

मी नळ बंद केला. (सुरू ठेवायला हवा होता. पण माणसाला कळत नाही आयत्या वेळी.)

"ही माहिती तुम्हाला कोणी दिली?" हिचा आवाज कडक झाला. "हे बघा, मी बँकेचं काही सांगणार नाही."

"बँकेचं नाही, मॅडम. आपण पडद्यांच्या सर्व्हेत लिहिलंत ना, की आधी निळा आवडायचा, आता राखाडी आवडायला लागलाय, कारण त्याच्यावर दोऱ्याचे तुकडे दिसत नाहीत?"

मशीन थांबलं. मी दाराच्या फटीला कान लावून उभा होतो आणि कानातून साबणाचं पाणी आत चाललं होतं. ही आता ओरडेल, मग फोन आपटेल, मग हे दार. पण ही शांतपणे म्हणाली, "हो. मीच लिहिलं. पुढे विचारा."

त्या "पुढे विचारा"नंतर मी आतली कडी पुन्हा एकदा तपासली.

"आपली जुनी उत्तरं एकदा तपासून घेते, मॅडम. गादीच्या सर्व्हेत आपण लिहिलंत, माझे पती घोरत नाहीत."

"असं लिहिलंय मी?"

"हो. घरकामात बरोबरीने मदत करतात, स्वभावाने अत्यंत समजूतदार आहेत आणि दिसायलाही बरे आहेत."

बाहेर कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ही म्हणाली, "गादीच्या सर्व्हेत?"

"हो, मॅडम."

"गादीबद्दल लिहिलंय का काही?"

"गादी ठीक आहे, असं लिहिलंय. यात काही बदल करायचाय का?"

"घोरण्याचं खोडा. घरकामाचंही खोडा," ही म्हणाली. मग जरा विचार करून, "बरे आहेत ते राहू दे. बरेच लिहिलंय ना? त्याहून जास्त काही नाही?"

"बरेच आहे, मॅडम. आता ज्यासाठी फोन केला ते. सुखाचा वेळ कोणता, याचं उत्तर आपण लिहिलं होतं ते आमच्या सगळ्या टीमला फार आवडलं. वाचून दाखवू?"

"दाखवा," ही म्हणाली. आवाजावरून कळत होतं की ही कंबर कसून बसली आहे.

मुलीने वाचलं. "संध्याकाळी मशीन बंद केलं की मी लगेच उठत नाही. पाय पायडलवर तसेच ठेवते, खिडकीचं एक दार उघडते आणि समोरच्या भिंतीवरचं ऊन जाईपर्यंत बसून राहते. तेव्हा कोणी हाक मारली तर मी ओ देते, पण जरा वेळाने. घरातल्यांना वाटतं मला ऐकू आलं नाही. मला ऐकू आलेलं असतं. माझे पती तेव्हा हाक मारत नाहीत. चहा लागला तर स्वतः करून घेतात आणि भांड्याचा आवाज होऊ देत नाहीत."

मी दारामागे उभा, अंगावरचा साबण वाळून कातडी ओढायला लागलेली, आणि मला हिचा चेहरा बघायचा होता आणि बघायची हिंमतही नव्हती.

"हे असंच आहे ना, मॅडम?" मुलीने विचारलं.

"असंच आहे," ही म्हणाली. मग म्हणाली, "पण मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं."

"आम्हाला सांगितलंत ना."

"हो. तसंच म्हणायचं."

फोन संपला. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. ही समोरच बसली होती.

"कान पुसा," ही म्हणाली.

मी कान पुसले. "अगं, ऐक तर..."

"म्हणजे रोज मला विचारत होतात ते पैशासाठी."

"पैशासाठी नाही गं, पॉइंटसाठी," मी म्हटलं. (कधीकधी मला वाटतं, मला तोंड दिलं तेव्हा त्यात थोडी अक्कलही घालून द्यायला हवी होती.)

"मी बहिणीला सांगितलं," ही म्हणाली. एवढंच. हिचे डोळे भरले होते आणि ही रागावली असती तर मला चाललं असतं. ही मशीनकडे वळली आणि त्या दिवशी हिने एवढे अभ्रे शिवले की गावातल्या सगळ्या उशांना पुरावेत. जेवायला वाढलं, पण माझ्याकडे न बघता. मी भांडी घासली. (गादीच्या सर्व्हेतलं एक तरी वाक्य खरं करावं म्हणून.) त्यात एक कप फोडला.

संध्याकाळ झाली. मशीन थांबलं. खिडकीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात होतो. सवयीने चहाचं भांडं काढलं, फडक्यावर ठेवलं, आवाज होऊ दिला नाही. आणि त्या वेळेला कधी होत नाही ते झालं. हिनेच हाक मारली. "अहो."

मी ताबडतोब गेलो.

"बसा," ही म्हणाली. भिंतीवर ऊन अजून होतं. मी उशांच्या ढिगावर बसलो. "हे खिडकीचं मला कधी विचारलंत तुम्ही?"

"नाही विचारलं."

"मग लिहिलं कसं?"

"दिसतं की," मी म्हटलं. "रोज दिसतं."

"आणि चहा? मला वाटायचं, तुम्हाला दम निघत नाही म्हणून करून घेता."

"दमही निघत नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोला आता.

हिला हसू आलं. दाबलं, पण आलं. मग म्हणाली, "विचारा."

"काय?"

"काहीही. रोज विचारता ना. आज तो फोन तिकडे ठेवा आणि तुमच्या मनातलं विचारा."

मी फोन लांब ठेवला. परत तीच टूथपेस्ट डोळ्यांसमोर यायला लागली, ती मागे सारली. मग विचारलं, "माझा फार राग आलाय का?"

"आलाय," ही म्हणाली. "एक ते पाचमध्ये तीन."

"सकाळी किती होता?"

"सकाळी तुमच्या पाचात मावत नव्हता." मग बाहेर बघत म्हणाली, "खोटं बोललात त्याचा राग नाही हो. मला वाटलं होतं, तुम्हाला ऐकायचंय."

"ऐकायचंच होतं," मी म्हटलं. "आधी नव्हतं. नंतर होतं. तुझे ते एकाच पायाचे बूट मी कुठल्या सर्व्हेत लिहिले नाहीत. ते मी ठेवून घेतले."

ही जरा सरकली, आणि मी ढिगावरून उठून हिच्या शेजारी त्या एवढ्याशा बाकावर बसलो. ऊन गेलं तरी आम्ही बसून होतो. मग हिने विचारलं, "पण पैसे कशाला हवे होते एवढे?"

मी सांगितलं.

"माऊथ ऑर्गन?"

"हं."

"तोंड उघडून मागितला असतात तर दिला असता की मी."

"नसता दिलास."

हिने प्रामाणिकपणे विचार केला. "नसता दिला," ही म्हणाली.

खातं हिच्याच नावाचं, वयाचं आणि मतांचं होतं. तेव्हा ते हिने ताब्यात घेतलं आणि पॉइंटही घेतले. मी हूं की चूं केलं नाही. काही दिवसांनी एक खोकं आलं. त्यात दोन वस्तू होत्या. एक माऊथ ऑर्गन, नवा कोरा, निळ्या डबीत. तो हिने माझ्या हातात दिला. दुसरी वस्तू म्हणजे कानात घालायचे मऊ बोळे, ते हिने स्वतःकडे ठेवले.

आता संध्याकाळी ऊन गेल्यावर मी थोडा वेळ वाजवतो. ही बोळे घालते आणि सर्व्हे भरते. माझे प्रश्न मला सुचू लागले आहेत, रोज एक तरी. ते विचारायला मात्र हिला खांद्याला हात लावून बोळे काढायला लावावे लागतात.

परवा सहज हिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावलो. घरगुती उपकरणांचा सर्व्हे चालू होता. आपल्या घरात जास्त आवाज करणारे एखादे जुने उपकरण आहे का? हिने लिहिलं होतं, आहे, एक. किती वर्षे वापरात आहे? अठ्ठावीस. आवाज मुख्यतः केव्हा होतो? रात्री, आणि हल्ली संध्याकाळीही. नजीकच्या काळात बदलण्याचा विचार आहे का? नाही. कारण आपल्या शब्दांत लिहा. त्यापुढे हिने लिहिलं होतं, "त्याच्याशिवाय झोप लागत नाही."

मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात खालचा प्रश्न दिसला. हे उपकरण घेण्याची शिफारस आपण मैत्रिणींना कराल का, दहापैकी गुण द्या. हिने दिले होते चार.

मी हिच्या कानातला एक बोळा काढला. "चारच?"

"पाच देणार होते," ही म्हणाली. "एक माऊथ ऑर्गनचा कापला."